देवळालीच्या मास्तरांचा आकडा : ६१७४ आणि द. रा. कापरेकर

दहावीचा निकाल लागला की नंदुरबार असो, शहादा असो, नवापूर असो की अक्कलकुवा, घराघरात पहिला सवाल एकच असतो. गणितात किती पडले? आमच्या ओळखीतल्या एका घरात मागे हाच सवाल झाला आणि मुलगा मान खाली घालून बसला. जेमतेम पास. अम्मी म्हणाली, जाऊ द्या, आपल्या खानदानात कुणाला गणित आले आहे का, याला कुठून येणार. अब्बांनीही मान डोलावली.

आम्हाला हसू आले, कारण हे अब्बा नंदुरबारच्या मिरची बाजारात काम करतात. मोसमात दिवसाला शेकडो पोती त्यांच्या डोळ्यांसमोरून जातात. क्विंटलचा भाव, आडत, हमाली, तोलाई, पोत्याची घट, सगळा हिसाब तोंडी. कागद फक्त समोरच्याच्या समाधानासाठी. आणि हा माणूस म्हणतो आमच्या घरात गणित नाही! जकातीचा चाळिसावा हिस्सा घरोघरी काढला जातो, विरासतीचे हिस्से पाडताना मौलाना अपूर्णांकांची बेरीज करतात. अल् ख्वारिज्मी यांच्या ज्या किताबाच्या नावातून बीजगणिताला जगभर ‘अल्जिब्रा’ हे नाव मिळाले, त्या किताबाचा बराच मोठा भाग विरासतीच्याच हिसाबांचा आहे. तरी आपल्या घरात गणित म्हणजे परक्याची चीज, हा समज काही जात नाही.

त्या मुलाला आम्ही एका मास्तरांची गोष्ट सांगितली. तीच इथे सांगतो. आपल्या मुलांचा दहावीचा निकाल ज्या नाशिकच्या विभागीय मंडळातून येतो, त्याच नाशिकजवळच्या देवळालीत हे मास्तर राहात. मोठी डिग्री नाही, पाठीशी युनिव्हर्सिटी नाही, प्रयोगशाळा तर नाहीच. शाळेत शिकवायचे आणि घरी येऊन आकड्यांशी खेळायचे. आज जगातल्या गणिताच्या पुस्तकांत त्यांचे आडनाव छापले जाते. नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, समुद्रकाठच्या डहाणूचा. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आता पालघरमध्ये आहे. वडील कारकून. आई गेली तेव्हा मुलगा आठ वर्षांचा होता. पुढे वडिलांनीच वाढवले. वडिलांना ज्योतिषाचा नाद होता आणि कुंडली मांडायला आकडेमोड लागतेच. ज्योतिषाबद्दल आपले मत काय आहे ते वाचकांना ठाऊक आहे, पण त्या आकडेमोडीतून मुलाला आकड्यांची गोडी लागली हे खरे. भविष्य मागे राहिले, हिसाब पुढे गेला. ठाण्याच्या शाळेत असतानाच मोठमोठे गुणाकार झटक्यात करायच्या युक्त्या शोधायचा आणि कोडी सोडवत तासन्‌तास बसायचा त्याला छंद लागला.

मॅट्रिकनंतर पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज. तिथे १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या नव्या कामासाठी ते दिले जाई, म्हणजे पोरवयातच काहीतरी नवे शोधायची सवय लागली होती. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. झाली आणि शिक्षण तिथेच थांबले. १९३० साली देवळालीच्या शाळेत नोकरी धरली, ती १९६२ ला रिटायर होईपर्यंत. बत्तीस वर्षे एकाच गावात शाळामास्तर.

एवढ्यावर कुणाचे चरित्र होत नाही. पण या बत्तीस वर्षांत मास्तरांनी जे केले ते घरच्या मुलांना पाटीवर करून दाखवता येते, म्हणून आम्हाला त्यांचे जास्त वाटते.

१९४६ ची गोष्ट. कापरेकरांना चार अंकी संख्यांत एक अजब चाल दिसली. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक एकसारखे नकोत. आपला नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला ते साल घेऊ, १९९८. त्यातले अंक उतरत्या क्रमाने लिहिले की ९९८१. चढत्या क्रमाने लिहिले की १८९९. मोठ्यातून लहान वजा करा, ८०८२ येतात. आता ८०८२ चे तेच करा. ८८२० वजा ०२८८, उरले ८५३२. पुन्हा तेच. ८५३२ वजा २३५८, उरले ६१७४. आता ६१७४ वर हाच खेळ करा. ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४! कितीही वेळा करा, आता आकडा हलत नाही.

दुसरी कोणतीही संख्या घेतली तरी शेवट इथेच. घराचा नंबर, गाडीच्या पाटीवरचे चार आकडे, काहीही. कधी एका वजाबाकीत, कधी तीन-चारात, जास्तीत जास्त सातांत गाडी ६१७४ या स्टेशनवर येऊन थांबते. मधे कुठे तीनच अंक उरले तर पुढे शून्य लिहून चार करायचे, इतकाच नियम. हे शून्य मुले विसरतात आणि मग म्हणतात जमत नाही.

गंमत म्हणजे कापरेकरांच्या जन्माचे साल, १९०५, पूर्ण सात पायऱ्या घेते. ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि मग ६१७४. याच्यात कुठला शगुन शोधू नये. पुष्कळ साले अशी आहेत. पण मास्तरांनी आपलेच साल कधीतरी घालून पाहिले असणार आणि मनात हसले असणार, असे आम्हाला उगाच वाटते.

हे होते कसे? जादू नाही, हिसाब आहे. चार अंक उतरत्या क्रमाने लावले की दोनच गोष्टी बघायच्या असतात. पहिल्या आणि शेवटच्या अंकात फरक किती, आणि मधल्या दोन अंकांत फरक किती. पहिल्या फरकाला ९९९ ने गुणा, दुसऱ्याला ९० ने गुणा, बेरीज करा. हेच वजाबाकीचे उत्तर. १९९८ साठी पहिला फरक ८, दुसरा १. ७९९२ अधिक ९०, झाले ८०८२. वर आले तेच. म्हणजे दहा हजार संख्या दिसतात खऱ्या, पण फरकांच्या जोड्या अवघ्या ५४ होतात. त्या ५४ जोड्या एका वहीच्या पानावर मावतात, आणि एकेक तपासली की सगळ्या वाटा ६१७४ ला जाऊन मिळतात. नववीतला पोरगा जुम्म्याच्या सुट्टीत बसून हे स्वतः सिद्ध करू शकतो. अशी सिद्ध करायला मिळणारी गोष्ट शाळेच्या पुस्तकात फार थोडी असते.

तीन अंकी संख्यांचे स्टेशन वेगळे, ४९५. इथे आपल्या वाचकांना ७८६ आठवणार, म्हणून तोच घेऊ. बिस्मिल्लाहच्या हरफांची अबजद हिसाबाने होणारी ही बेरीज दुकानाच्या पाटीवर लिहावी की नाही यावर उलेमांत मतभेद आहेत, त्यात आम्ही पडत नाही. आम्ही फक्त वजाबाकी करतो. ८७६ वजा ६७८, १९८. पुढे ७९२, ६९३, ५९४ आणि ४९५. पाच पायऱ्या. पाच अंकी संख्यांना मात्र असे एक स्टेशन नाही, त्या गोल गोल फिरत राहतात. चारांत जे जमते ते पाचांत का जमू नये, हा सवाल मुलांना घालून पाहा.

या ६१७४ चे स्वतःचे गुणही बघण्यासारखे आहेत. अंकांची बेरीज करा, ६ अधिक १ अधिक ७ अधिक ४, झाले १८. आणि ६१७४ ला १८ ने पूर्ण भाग जातो, उत्तर ३४३, म्हणजे सातचा घन. शिवाय १८, १८ चा वर्ग ३२४ आणि १८ चा घन ५८३२ यांची बेरीज केली की पुन्हा ६१७४. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो तिला कापरेकरांनी नाव दिले हर्षद, आनंद देणारी. आपले १९९८ सुद्धा हर्षद आहे. बेरीज २७, आणि २७ गुणिले ७४ बरोबर १९९८.

नावे ठेवायची हौस मास्तरांना भारी. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. १५ मध्ये ६ मिळवा, २१ झाले, म्हणजे २१ चा जन्म १५ पासून. काही संख्यांना असे दोन जन्मदाते असतात. १०१ घ्या, तो ९१ पासूनही येतो आणि १०० पासूनही. आणि काही संख्या अशा की त्यांना जन्मदाताच नाही. २० अशी आहे, ३१ अशी आहे, ४२ अशी आहे. त्यांना मास्तर म्हणत स्वयंभू, आणि गावाच्या प्रेमापोटी देवळाली संख्यासुद्धा. मघाचा ७८६ तपासला तर त्याचा जन्मदाता एकच निघतो, ७७१. आणि ७७१ स्वतः स्वयंभू आहे, त्याच्यामागे कुणी नाही. हे तपासायला आम्हाला चहाचा एक कप पुरला.

आता मोठ्या आकड्यांकडे. आजच्या डोंबिवली स्टेशनवर कापरेकरांना एका प्रकारच्या संख्या सुचल्या. डेमलो या स्टेशनाच्या नावावरून त्यांनी त्यांना डेमलो संख्या म्हटले. स्टेशनवर गाडीची वाट पाहताना आपण काय करतो? हल्ली मोबाईल. मास्तरांच्या डोक्यात अंक चालले होते. डेमलो संख्येत दोन टोके एकमेकांत मिळवली की मधला अंक मिळतो. १६५ मध्ये १ आणि ५ मिळून ६. २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५. याच कुळातल्या सगळ्यात देखण्या संख्या फक्त एक-एक लिहून होतात. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१. असे करत नऊ वेळा १ लिहा आणि त्या १११११११११ चा वर्ग करा. उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकांची संख्या, डोंगरासारखी चढते आणि उतरते. तोरणमाळचा घाट एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरावा तशी.

ज्या संख्यांना जग ‘कापरेकर संख्या’ म्हणते त्या आणखी वेगळ्या. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे मधोमध दोन तुकडे करा, २० आणि २५, बेरीज पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, तुकडे ८८ आणि २०९, बेरीज २९७. आणि मग येतो आमचा सगळ्यात आवडता आकडा, १४२८५७. १ ला ७ ने भागले की दशांश चिन्हापुढे हेच सहा अंक पुन्हा पुन्हा येतात. त्याला २ ने गुणा, २८५७१४. ३ ने गुणा, ४२८५७१. चार, पाच, सहा कशानेही गुणा, तेच सहा अंक फक्त जागा बदलून, तसबीहच्या मण्यांसारखे गोल फिरतात. आणि ७ ने गुणले की एकदम ९९९९९९. याचा वर्ग करून पाहा, २०४०८१२२४४९. मागचे सहा अंक वेगळे काढा. २०४०८ अधिक १२२४४९, पुन्हा १४२८५७. एक लाख बेचाळीस हजाराचा आकडा तुटतो आणि पुन्हा तोच होऊन जुळतो.

हे सगळे कागद-पेन्सिलीवर. कॅलक्युलेटर नव्हते, कॉम्प्युटर तर दूरच.

आणि लोकांनी काय केले? बऱ्याच विद्वानांनी हसून सोडून दिले. हा पोरखेळ आहे, यात गणित कुठे आहे, असा सूर असे. मोठ्या नियतकालिकांत जागा मिळत नसे. लेख छोट्या पत्रिकांत छापून यायचे, आणि तेही नाही जमले तर मास्तर स्वतःच पुस्तिका छापून घ्यायचे. स्वयंभू संख्यांवरची त्यांची पुस्तिका १९६३ साली अशीच देवळालीतून निघाली. नोकरी संपलेल्या शाळामास्तराने असल्या पुस्तिका छापणे म्हणजे काय, हे हिसाब करणाऱ्या घरांना सांगायला नको.

टीका करणाऱ्यांची बाजूही सांगितली पाहिजे. कापरेकरांचे बरेचसे शोध आपल्या दहाच्या मोजणीवर टेकलेले आहेत. माणसाला बोटे दहा म्हणून आपण दहाच्या पटीत मोजतो. बारा असती तर ६१७४ ची ही मिजास राहिली नसती. गणिती लोकांना अशा गोष्टी हव्या असतात ज्या मोजणी बदलली तरी टिकतील. हा आक्षेप चुकीचा नाही. पण आम्हाला वाटते, यामुळेच हे गणित शाळेच्या मुलापर्यंत पोहोचते. त्याला मोठी भाषा शिकावी लागत नाही. वजाबाकी येते ना, मग बस.

१९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत कापरेकरांनी ६१७४ मांडला. पुढे अमेरिकेतल्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात त्यावर त्यांचा लेख आला. तरीही जगात नाव व्हायला १९७५ उजाडले. त्या वर्षी मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले. ते सदर जगभर वाचले जाई. सत्तरीला आलेले देवळालीचे मास्तर असे एका महिन्यात सातासमुद्रापार ओळखीचे झाले.

काही नावे मात्र तोवर दुसरीकडे वळली. स्वयंभू संख्यांना काही पुस्तकांत कोलंबियन संख्या म्हणतात, कारण १९७० च्या दशकात कोलंबियातल्या एका गणितज्ञानेही तोच सवाल मांडला. हर्षद संख्यांना निवेन संख्या असेही म्हणतात, १९७७ मध्ये आयव्हन निवेन या गणितज्ञाने त्यांच्यावर व्याख्यान दिले म्हणून. यात कुणाची बेईमानी नव्हती. देवळालीत छापलेली पुस्तिका तिथवर पोहोचत नाही, इतकेच. आपल्याकडे कुणी काही नवे शोधले आणि ते वहीतच राहिले तर काय होते याचे हे उदाहरण आम्हाला बोचते. नंदुरबारसारख्या ठिकाणच्या मुलांच्या वह्या तर देवळालीपेक्षाही लांब.

शेवटची वर्षे सोपी नव्हती. पेन्शन पुरत नव्हते. १९६६ मध्ये पत्नी गेली. मास्तर घरी गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेऊन भागवत. शाळा-कॉलेजांत बोलावले की जात, फळ्यावर आकडे मांडत, मुलांकडून वजाबाक्या करून घेत. १९८६ मध्ये ते गेले. मागे इस्टेट अशी काही नव्हती. आकडे होते.

आम्ही हे सगळे मिरची बाजारातल्या त्या अब्बांच्या घरी सांगितले तेव्हा मुलाने एक शब्द काढला नाही. भिंतीवर मशिदीकडून मिळालेले नमाजच्या वेळांचे कॅलेंडर होते, त्यावर हिजरी सन १४४७. त्याने बिलाचा एक कोरा कागद ओढला आणि वजाबाकी सुरू केली. ७४४१ वजा १४४७, ५९९४. मग ९९५४ वजा ४५९९, ५३५५. तिसऱ्या पायरीला ५५५३ मधून ३५५५ वजा केले आणि थांबला. उत्तर १९९८ आले होते, आपल्या जिल्ह्याचे साल. पुढचे त्याला ठाऊक होते, तरी त्याने उरलेल्या तीन वजाबाक्या पूर्ण लिहून काढल्या. अब्बा मागे उभे होते. त्यांनी कागदाकडे पाहिलेही नाही. ओठ हलले आणि आम्ही वाचायच्या आत म्हणाले, एकसष्टशे चौऱ्याहत्तर.